कृतिसंशोधनाच्या अभ्यासक्रमावर चिंतन लिहायचं आहे. ‘खूप शिकायला मिळालं’च्या पुढे कसं जायचं?

तुम्ही विचारलंय ते असं: शिक्षकांसाठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात कृतिसंशोधनाचा (शिक्षकाने आपल्याच वर्गातल्या अडचणीवर उपाय करून त्याचा परिणाम तपासण्याचा) विषय पूर्ण झाला, अहवालही दिला, आता शेवटी साधारण दीड हजार शब्दांचं चिंतन मागितलंय आणि दोन परिच्छेदांनंतर लिहायला काही सुचत नाही.

न सुचण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आपण काय शिकलो याचं उत्तर आठवणीतून शोधायला बसतो. आठवणीत तेव्हाचा गोंधळ उरलेला नसतो. आज जे कळलंय ते पहिल्यापासूनच माहीत होतं, असं वाटायला लागतं. म्हणून आठवणीवर विसंबू नका, कागद समोर ठेवा आणि त्यांत एकच गोष्ट शोधा: पुरावा हाती आल्यामुळे माझा कोणता निर्णय बदलला?

टेबलावर हवेत ते कागद म्हणजे मार्गदर्शकांच्या शेऱ्यांसकट पहिला कच्चा आराखडा, संशोधन दैनंदिनी, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीच्या (उपक्रमाआधीच्या आणि नंतरच्या चाचणीच्या) मूळ उत्तरपत्रिका, आणि सहकाऱ्याने तासाला बसून केलेल्या निरीक्षणाच्या नोंदी. दैनंदिनी नीट ठेवली नसेल तर मागच्या तारखा घालून ती आता तयार करू नका. तो खोटा पुरावा होतो, आणि एकाच बैठकीत लिहिलेली भाषा वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते. त्याऐवजी पाठटाचणं, फळ्याचे फोटो, मार्गदर्शकांना पाठवलेले निरोप पाहा. त्यांवर तारखा असतात, तेवढं पुरतं.

आता तुमच्या संशोधन प्रश्नाच्या जितक्या आवृत्त्या सापडतील तितक्या एकाखाली एक, तारखेनिशी लिहून काढा. चिंतनाचा कणा इथेच मिळतो. उदाहरण घेऊ. समजा पहिली आवृत्ती अशी होती: ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची तुलना जमत नाही, कारण सराव कमी पडतो.’ या वाक्यात समस्या आहेच, पण कारणही आधीच ठरवून टाकलेलं आहे. कृती म्हणून दोन आठवडे रोज सरावपत्रिका दिल्या. दहा प्रश्नांच्या चाचणीतली सरासरी ४ वरून ६ वर गेली. बरेच अहवाल इथे थांबतात आणि ‘उपक्रम यशस्वी झाला’ असं लिहितात.

तेच गुण प्रश्ननिहाय मांडून पाहा. समजा त्या दहांपैकी पाच प्रश्न समान छेदांचे होते आणि पाच समान अंशांचे. समान छेदांच्या प्रश्नांत सरासरी ३ वरून ४.८ वर गेली, समान अंशांच्या प्रश्नांत १ वरून फक्त १.२ वर. जवळपास सगळी वाढ एकाच बाजूची! १/३ आणि १/४ यांत मोठा कोणता, असं विचारल्यावर मुलं अजूनही १/४ म्हणतायत. चार मुलांना ‘तू हे कसं ठरवलंस?’ एवढंच विचारलं तर उत्तर येतं, ‘तीनपेक्षा चार मोठा.’ म्हणजे अडचण सरावाची नव्हतीच. पूर्ण संख्यांचा नियम मुलं अपूर्णांकांना लावत होती, आणि सरावपत्रिकांनी ती चुकीची पद्धत आणखी पक्की केली असण्याचीही शक्यता आहे. दुसऱ्या आवृत्तीतला प्रश्न मग असा होतो: ‘कागदी पट्ट्या दुमडून आणि संख्यारेषेवर मांडून तुलना केली, तर समान अंशांच्या प्रश्नांतली ही विशिष्ट चूक कमी होते का?’

या दोन प्रश्नांमधलं अंतर हेच तुमचं चिंतन. ते लिहिताना चार गोष्टी क्रमाने आल्या की परिच्छेद उभा राहतो: तेव्हा मी काय धरून चाललो होतो, ते कशावरून खरं वाटत होतं, कोणत्या नोंदीने त्याला धक्का दिला, आणि त्यानंतर वर्गात मी काय वेगळं केलं. ‘माझा दृष्टिकोन व्यापक झाला’ या वाक्यात यातलं एकही नाही. ‘एकूण गुण वाढलेले पाहून मी दुसरं चक्र, म्हणजे उपक्रमाची पुढची फेरी, रद्द करणार होतो, प्रश्ननिहाय तक्ता केल्यावर कळलं की ज्या चुकीसाठी हे संशोधन हाती घेतलं ती जागची हललेलीच नाही’ या वाक्यात जवळपास सगळं आहे. असे दोन, फार तर तीन प्रसंग निवडा. सहा-सात घेतलेत तर प्रत्येकाच्या वाट्याला दोनच ओळी येतात आणि यादी तयार होते.

चिंतन ही या पद्धतीतलीच एक पायरी आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सामाजिक मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये कृतिसंशोधन मांडलं तेव्हाच त्यात नियोजन, कृती आणि कृतीच्या परिणामांची माहिती मिळवणं अशी फिरत वर जाणारी चक्रं होती. पुढे केमिस आणि मॅकटॅगर्ट या शिक्षण-संशोधकांच्या मांडणीत नियोजन, कृती, निरीक्षण आणि चिंतन असे चार टप्पे रूढ झाले. चौथ्या टप्प्याचं काम पुढचं नियोजन बदलणं हे आहे. पुढचं काहीच बदलत नसेल तर लिहिलेला मजकूर आभारप्रदर्शन ठरतो. पण ही नावं पहिल्या परिच्छेदात आणू नका. व्यावसायिक कामातल्या चिंतनाचे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये केलेला कृती चालू असतानाचं चिंतन आणि कृतीनंतरचं चिंतन हा भेद फार उपयोगी आहे, पण जिथे तुम्ही चालू तासातच ठरलेला प्रश्न सोडून दुसरा विचारलात, त्या जागी तो आला तर शोभतो. सुरुवातीलाच अर्धं पान व्याख्या दिल्या की परीक्षक पुढचं चाळायला लागतात.

आकड्यांबद्दल लिहिताना फार सांभाळा, जास्तीत जास्त चुका तिथेच होतात. पूर्वचाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेल्या मुलांचाच गट निवडला असेल, तर काहीही न करता पुढच्या चाचणीत त्यांची सरासरी थोडी वर येणं अपेक्षितच असतं, कारण पहिल्या दिवशी काहींचे गुण निव्वळ योगायोगाने खाली गेलेले असतात. तीच प्रश्नपत्रिका पुन्हा दिली तर प्रश्न ओळखीचे झालेले असतात. मधल्या काळात नेहमीचं शिकवणंही चालूच असतं. तुलनेला दुसरा गट नसताना ‘उपक्रमामुळे प्रगती झाली’ असं म्हणता येत नाही. ‘उपक्रमाच्या काळात ही चूक कमी झालेली दिसली, आणि मुलांच्या स्पष्टीकरणांतही तोच बदल दिसतो’ एवढं म्हणता येतं. हा दुसरा, वेगळ्या प्रकारचा पुरावा जोडणं म्हणजेच त्रिकोणीकरण. चाचणी, निरीक्षण आणि मुलाखत यांपैकी दोन गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर तसं लिहा. विरुद्ध बोलत असतील तर ते आधी लिहा, कारण चिंतनाला तिथेच खरा वाव असतो.

मुलांकडे, पालकांकडे, वेळेच्या टंचाईकडे बोट दाखवणारी वाक्यं शोधून तपासा. ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद कमी होता’ असं लिहिलं असेल तर लगेच विचारा: प्रश्न विचारल्यावर मी किती वेळ थांबत होतो? शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७४ च्या सुमारास दाखवून दिलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरही थांबत नाहीत, आणि हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. हे स्वतःवर ताडून पाहणं सोपं आहे. एका तासातली फक्त दहा मिनिटं ध्वनिमुद्रित करा आणि शब्दशः उतरवा. तासभर लागेल, पण प्रश्न कोणी विचारले, किती वेळ शांतता होती आणि उत्तर शेवटी कोणी दिलं हे कागदावर येतं. बहुतेकांना कळतं की उत्तरही आपणच देतो. मुद्रणाआधी परवानगी मात्र घ्या.

परवानगीवरून आठवलं, नैतिक बाजूवर एक परिच्छेद हवाच, आणि त्यात ‘संमतिपत्रं घेतली’ एवढ्यावर भागत नाही. जो गुण देतो तोच संशोधक असेल तर मुलाला नाही म्हणणं कितपत शक्य होतं? नाही म्हणणाऱ्या मुलाला तासाला काय काम दिलं? कोणाची माहिती वगळली? नावं बदलूनही वर्णनावरून मूल ओळखू येतं का? या प्रश्नांना प्रामाणिक उत्तरं दिलीत तर हा भाग सगळ्यात वजनदार होऊ शकतो.

अभ्यासक्रमाबद्दल वेगळं लिहायचं असेल तर एका प्रश्नाभोवती लिहा: हा अभ्यासक्रम नसता तर हीच समस्या मी कशी हाताळली असती? मग समस्या नेमकी मांडणं, साधन तयार करणं, सहकाऱ्याकडून परखड अभिप्राय घेणं यांपैकी खरोखर काय हाताला लागलं ते उघड होतं. जे जमलं नाही तेही लिहा. एका सत्रात परवानग्या, चाचण्या आणि अहवाल बसवताना बहुधा एकच चक्र पूर्ण होतं. ते लपवू नका. एका चक्रातून काय सांगता येतं आणि काय नाही, हे स्वच्छ लिहा.

दीड हजार शब्दांची वाटणी मी अशी करेन: पहिला प्रश्न आणि त्यामागचं गृहीतक २०० शब्द, बदलाचे दोन प्रसंग मिळून ७००, पुराव्याच्या मर्यादा २००, नैतिक बाजू १५०, अभ्यासक्रम १००, आणि उरलेल्या १५० मध्ये पुढचं चक्र. पुढच्या चक्राबद्दल ‘संशोधन चालू ठेवीन’ असं लिहू नका. कोणता वर्ग, कोणती चूक, कोणतं साधन, किती आठवडे आणि काय दिसलं तर उपक्रम सोडून देईन, ते लिहा.

मसुदा झाला की प्रत्येक दाव्याच्या वाक्याखाली रेघ मारा आणि समासात त्याचा पुरावा कोणत्या परिशिष्टात आहे तो क्रमांक टाका. ज्या वाक्यासमोर क्रमांक पडत नाही ते सौम्य करा, नाहीतर काढून टाका. मग मसुदा तासाला बसलेल्या सहकाऱ्याला द्या आणि त्यांना स्तुती न मागता एवढंच विचारा की वर्गात त्यांनी पाहिलं त्यापेक्षा वेगळं काय लिहिलंय.