लस पुढे ढकलू का? माझं मत: नको

ताई, घोडबंदरच्या तुमच्या दहा वर्षांच्या लेकाचं वाचलं, सुई दिसली की टेबलाखाली, आणि आता अंगाला चोळायची जंतूंची लस येणार म्हणून टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस, थांबवू का विचारताय. आमच्याकडे कोपरखैरण्यात हाच तमाशा झालाय म्हणून लिहितेय, मी डॉक्टर नाही हां.

बातमी खोटी नाहीये. स्टॅनफर्डच्या मायकेल फिशबाख यांच्या टीमने स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, म्हणजे आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर गुपचूप नांदणारा जंतू, त्याच्या एका प्रोटीनमध्ये धनुर्वाताच्या विषाचा निरुपद्रवी तुकडा बसवला आणि उंदरांच्या डोक्यावर नुसता बोळा फिरवला. पुढे विषाचा मारक डोस टोचला तरी ते उंदीर जगले, २०२४ च्या डिसेंबरात नेचर या विज्ञानाच्या मासिकात आलंय. पण उंदीर! माणसांपर्यंत यायला किती वेळ लागेल कोण सांगणार, तोवर पोरगं मैदानात पडणारच. आणि धनुर्वात एकाचा दुसऱ्याला होत नाही, जंतू मातीतच असतो, त्यामुळे "वर्गातल्या बाकीच्यांनी घेतलीय ना" हे इथे उपयोगाचं नाही.

आमचं घोडं अडलं ते लस देणाऱ्या केंद्रावर, नाव घेत नाही. डॉक्टरांना विचारून लिग्नोकेन-प्रिलोकेनचं बधिर करायचं क्रीम तासभर आधी लेकीच्या डाव्या दंडाला लावलं, वर प्लास्टिक. तिथल्या बाईंनी "हे काय फासलंय" म्हणत पुसलं आणि सुई खुपसली उजव्या दंडात! विचारलं तर म्हणे लाइन बघा मागे. दोघींनी हात दाबून धरलेले ते वेगळंच. तेव्हापासून पोरगी रक्त तपासायलाही येत नाही, आणि तिला विचारलं तर सुईचं नाही, धरल्याचंच सांगते. असल्या ठिकाणी फुकट असलं तरी मी परत जाणार नाही, तुमचं केंद्र चांगलं असेलही.

म्हणून आधी एकट्या जाऊन नर्सशी बोला, कुठला दंड ते ठरवा, चक्कर येत असेल तर झोपवूनच द्या म्हणावं, नंतर अर्धा तास बसवा. "दुखणार नाही" असलं खोटं नका सांगू, पुढच्या वेळी ऐकणार नाही.

बाकी सुई नाही म्हणजे दुखत नाही असंही काही नाही. आपल्या कोविडच्या झायकोव्ह-डी लशीला २०२१ च्या ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली ना, ती सुईशिवायच, पण प्रेशरने कातडीत जायची आणि तेव्हा तीन-तीन डोस होते.

कार्डावर तारीख तिथल्या तिथे लिहून घ्या, सोळाव्या वर्षी टीडी परत आहे.