नदीकाठची मोटर नुसती वर चढवू नका, घरी आणा

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. चिखलीच्या खालच्या अंगाला तुमची साडेसात एचपीची मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकत्र असलेली) मोटर आहे, वर लोखंडी घोडा, म्हणजे मोटर उचलायचा सांगाडा, उभा केलाय, चेन ब्लॉकनं (साखळीच्या कप्पीनं) मोटर उचलून उंच चौथऱ्यावर घेता येते. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३४ फुटांवर आलंय आणि मोटर चौथऱ्यावर चढवून ताडपत्री बांधली तर भागेल का, असं विचारताय. भागणार नाही. माझ्याकडंही हीच मांडणी होती, म्हणून इतकं ठाम सांगतोय.

लाईन बंद करून घेणं, फ्यूज काढणं हे तुम्हाला सांगायला नको. ते सोडून पुढचं बोलतो.

आमच्या शिवारात बहुतेकांचे चौथरे २००५ च्या पुराची खूण धरून बांधलेले. त्या वेळी तेवढीच खूण लोकांपुढं होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोका पातळी ४३ आहे, म्हणजे तिच्याही वर बारा फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच गत. चौथरा, घोडा, स्टार्टरची पेटी, सगळं पाण्याखाली. काही जण म्हणतात, मोटर साखळीला घोड्याच्या टोकापर्यंत टांगून ठेवायची. मला ते अजिबात पटत नाही. पुरात ओंडके आणि केंदाळ (जलपर्णी) वाहत येतं, ते घोड्याला अडकतं, मागून धार रेटते आणि मोटारीसकट घोडा आडवा होतो. घोडा मोटर काढायला आहे, पुरात सांभाळायला नाही.

आता केव्हा काढायची. इशारा पातळी ३९ फूट, पण तो आकडा तुमच्या मोटारीसाठी नाही. नदी मोटारीपर्यंत यायच्या आधी ओढ्याला फुगवटा येतो आणि रानातली वाट बंद होते. मोटर कोरडी दिसत असते, पण तिच्यापर्यंत जाता येत नाही. म्हणून बंधाऱ्यापेक्षा आपल्या वाटेवरच्या मोरीकडं लक्ष ठेवा. शिवाय वरच्या अंगाच्या राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. ते उघडायच्या आधी मोटर घरात पाहिजे. आणि दरवाजे बंद आहेत म्हणून निवांत बसू नका. गगनबावडा, शाहूवाडीकडं पाऊस लागला की कुंभी, कासारी नद्यांचं पाणी येतंच.

आता जे मला सगळ्यात महाग पडलं ते. माझ्या मोटारीचा विमा होता, पुराचा धोका जादा हप्ता भरून घेतलेला. २०१९ ला पाणी उतरल्यावर मी विमा कार्यालयाला फोन केला. तिथून सांगितलं, सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) येईपर्यंत मोटर जागेवरून हलवू नका, नाहीतर दावा धरला जाणार नाही. हे तोंडी. लेखी द्या म्हटलं तर वरच्या साहेबांकडं बोट. मोटर तशीच गाळात. रोज फोन, रोज वेगळा माणूस, आणि प्रत्येकाला पुराची कथा पहिल्यापासून सांगायची. सर्व्हेअर आले तोवर बेअरिंग गंजून धरलं होतं, वाइंडिंगला (मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीला) बुरशी आलेली. आणि शेवटी कागदावर काय आलं? मोटर वेळेत उघडून वाळवली नाही, म्हणून नुकसान वाढलं, तेवढी रक्कम वजा. ज्यांनी हात लावू नका म्हणून सांगितलं, त्यांनीच हात का लावला नाही म्हणून पैसे कापले. आजही ते आठवलं की संताप होतो. गावात ऊस कुजलेला, जनावरं छावणीत, आणि माणूस एका फोनच्या भरवशावर बसलेला.

म्हणून पहिलं काम, मोटर सोडवायच्या आधी फोटो काढा. नंबर प्लेट स्पष्ट दिसली पाहिजे. बिल आणि पॉलिसीचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलवर ठेवा. कार्यालयाशी जे बोलणं होईल ते लगेच मेसेज किंवा ईमेलवर पाठवा: ‘नुकसान वाढू नये म्हणून मोटर दुरुस्तीला हलवतोय, चोवीस तासांत पाहणी करा.’ नुकसान आटोक्यात ठेवणं ही विमा घेणाऱ्याचीही जबाबदारी मानतात, त्यामुळं हे लिहून ठेवलेलं कामाला येतं. मी वकील नाही, प्रत्येक पॉलिसीच्या अटी वेगळ्या, तुमच्या अटी आधी वाचा. पण तोंडी सूचनेवर मोटर गाळात ठेवू नका, एवढं माझं ठाम मत आहे.

एवढं करूनही मोटर भिजलीच तर चालू करून बघायचा मोह टाळा. गोड्या पाण्यानं धुऊन गाळ काढा आणि थेट रिवाइंडिंगवाल्याकडं न्या. तो हीटिंग करून, म्हणजे ऊब देऊन वाळवून, मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावेल. मेगर एक मेगाओहमच्या खाली दाखवत असेल तर स्टार्टरचं बटण दाबायचं नाही. हे मी रिवाइंडिंगवाल्यांकडूनच शिकलो, मी स्वतः इलेक्ट्रिशियन नाही. ओपनवेल सबमर्सिबल (पाण्यात बुडवून चालवायची मोटर) वाले म्हणतात, आमची पाण्यातच असते. असते, पण केबलचा जोड आणि पेटी पाण्यातली नसते, आणि गाळ तिलाही सोडत नाही.

बारीकसारीक: वायरी सोडायच्या आधी टर्मिनलचा फोटो घ्या, नाहीतर जोडताना फेज बदलून मोटर उलटी फिरते. फ्लँजवर (पाइप जोडायच्या चकतीवर) रंगानं खुणा करा, नट-बोल्ट ऑइलच्या डब्यात टाका. स्टार्टरची पेटी खांबावरून काढून आणा, ती विसरणारे पुष्कळ. सक्शन पाइप निघत नसेल तर फुटव्हॉल्वकडून (पाण्यातल्या टोकाच्या झडपेकडून) दोर बांधून वरच्या झाडाला घट्ट अडकवा. आणि पाणी उतरल्यावर पेटीत, पाइपात हात घालायच्या आधी काठीनं हलवा. पुरानंतर साप तिथंच बसलेले असतात.

ट्रॅक्टर आजच सांगून ठेवा. पाऊस वाढला की गावातले सगळे ट्रॅक्टर जनावरं आणि वैरण हलवायला लागतात, आणि तेच बरोबर आहे, मग मोटारीसाठी कुणाला अडवता येत नाही.