ईटिंग डिसऑर्डरमधून (खाण्याशी निगडित मानसिक आजारातून) बरं होताना नीट खायला लागल्यावर चिडचिड आणि रडू का वाढतं?

सुरुवातीला असं होतंच. उपासमारीत भावना बधिर होतात. अन्न मिळू लागलं की दबलेली भीती, राग वर येतो. यात स्वभावाचा दोष नाही. १९४४-४५मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात झालेल्या उपासमारीवरच्या प्रयोगातले ३६ निरोगी तरुणही अर्धपोटी राहून चिडके, उदास झाले होते, आणि पोटभर मिळू लागल्यावरही मन लगेच सावरलं नाही.

भूक लागायची वाट पाहू नका, ती खूण अजून भरवशाची नसते. घड्याळ बघून दर ३-४ तासांनी खा: ३ जेवणं, मध्ये २-३ वेळा थोडं. कर्बोदकं (पोळी, भात वगैरे) गाळू नका. सकाळचं खाणं चुकवलं की बऱ्याचदा संध्याकाळी खाण्यावरचा ताबा सुटतो.

दीर्घ उपासमारीनंतर आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवा. एकदम जास्त खाल्लं तर रक्तातलं फॉस्फेट (शरीराला लागणारा एक क्षार) अचानक घसरून जिवावर बेतू शकतं.