नोटिशीने मुदत थांबत नाही

जुन्या बाजारातून हौसेने घेतलेली वस्तू नकली निघाली, अशी पत्रं आता इतकी येतात की फक्त वस्तूचं नाव बदलतं. कधी घड्याळ, कधी होकायंत्र, कधी जहाजावरची दुर्बीण. तुमचा ग्रामोफोन. विक्रेत्याने बिलावर स्वतःच्या हाताने ‘1910 चा’ असं लिहून दिलंय. मुलीला परदेशी पाठवायचा म्हणून तुम्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे गेलात, तर ही पुरावस्तू (सहसा शंभर वर्षांहून जुनी, कायद्याने जपलेली वस्तू) नाही असं प्रमाणपत्र हातात पडलं. खरेदीला 23 महिने झालेत, आणि तुम्ही विचारता, आता 30 दिवसांची दुसरी नोटीस द्यावी का?

अजिबात नको. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. नोटीस पाठवली म्हणून हे घड्याळ थांबत नाही. पहिल्या नोटिशीनेही थांबलं नव्हतं. मुदत संपायची तारीख कोणी सांगितली नसेल तर वकिलाला विचारायला हवी होती.

तुम्ही म्हणाल, फसवणूक प्रमाणपत्राने कळली, तेव्हा तिथून मोजा. युक्तिवाद वाईट नाही; फसवणुकीत मुदत ती कळल्यापासून किंवा नीट चौकशी केल्यास कळू शकली असती तेव्हापासून धरतात. पण तुम्हीच जोडलेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश वाचले का? खरेदीनंतर चौथ्या महिन्यात तुम्ही साउंडबॉक्सजवळच्या (सुई बसते त्या भागाजवळच्या) स्क्रूचा फोटो पाठवून लिहिलंय, ‘हे स्टार स्क्रू 1910 चे कसे?’ प्रश्न बिनतोड होता. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले हे स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आले. त्यावर विक्रेत्याचं उत्तर, ‘दुरुस्तीत बदलले असतील’. तेही अशक्य नाही, म्हणून नुसत्या स्क्रूवर दावा उभा राहणार नाही. पण संशय तुम्हाला कधी आला, ते मात्र त्या संदेशाने पक्कं झालं. समोरचा वकील पहिला तोच कागद पुढे करेल. म्हणजे प्रमाणपत्राची तारीख विसरा, सुरक्षित म्हणून बिलाची तारीख धरा.

त्यानंतर ‘पुढच्या महिन्यात या’, ‘मोठा भाऊ गावाला गेलाय’ यात दीड वर्ष गेलं. उशीर माफ करायचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे, पण सबळ कारण दाखवावं लागतं. ‘दुकानदार टोलवत होता’ या कारणावर मी स्वतः विसंबून राहीन असं नाही.

तेव्हा या आठवड्यात तक्रार दाखल करा. तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे चालते, विक्रेत्याच्या गावी जायची गरज नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. संदेश पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र सोबत लागेल. फोन बदलायचा विचार असेल तर तूर्त थांबवा.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही, जसा आहे तसा’ या बिलावरच्या शिक्क्याने घाबरू नका. वस्तू ज्या वर्णनाने विकली त्या वर्णनाची असली पाहिजे, असं वस्तू विक्री कायदा, 1930 चं कलम 15 सांगतं. ‘जसा आहे तसा’ हे स्प्रिंग आणि गंजाबद्दल झालं, सालाबद्दल नव्हे, असं आपण म्हणू. आयोग मानेलच याची हमी मात्र कोणी देऊ नये. आपला माल अस्सल आहे यावर विक्रेता अडून बसला, तर त्याला एक प्रश्न विचारायचा: शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तूत मोडू शकते, आणि 1972 च्या पुरावस्तू कायद्याने पुरावस्तू विकण्याच्या धंद्याला परवाना लागतो. तो कुठे आहे? खरी म्हटली तर ही पंचाईत, खोटी म्हटली तर आपला दावा. मला हा मुद्दा आवडतो, पण मुख्य आधार बिलावरचं ‘1910’ हेच ठेवा. प्रमाणपत्र एवढंच सांगतं की ही पुरावस्तू नाही. ती कधीची, ते सांगत नाही.

विक्रेता नियमित धंदा करणारा नसून कोणी घरचा माल विकणारा निघाला, तर ग्राहक आयोग कदाचित हात वर करेल. मग दिवाणी दावा, तो दाखल करायची मुदत साधारण तीन वर्षं. तिथे निकालाचं वर्ष मी सांगत नाही. ग्राहक आयोगालाही कायद्याने तीन महिन्यांचं, वस्तू तपासायची असेल तर पाच महिन्यांचं उद्दिष्ट दिलंय; ते कागदावर छान दिसतं.

ग्रामोफोन आता उघडू नका, पॉलिश करू नका, दुरुस्तीला देऊ नका. आणि मुलीकडे सध्या पाठवू नका. प्रमाणपत्र असल्याने कस्टम्सला अडचण येऊ नये, पण आयोगाने तपासणीसाठी मागितला तर तो इथे हजर हवा.