पंधरा दिवस कागद जमवण्यात घालवू नका

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षं कॅनडात ब्रॅम्प्टनला आहे. चार वर्षांची नात तिथेच जन्मली. माणुसकीच्या आधारावर कायम राहू द्या, हा त्याचा अर्ज नऊ दिवसांपूर्वी नामंजूर झाला. देश सोडण्याचा हुकूम आधीच निघालाय. एजंट म्हणतो, 'महिनाभर नवे कागद जमवा, मग कोर्टातून पीआर (कायम राहण्याचा हक्क) मिळवून देतो.' त्याच्यावर विसंबावं का?
– एक आई, नाशिक

उत्तर : नाही, ताई. कॅनडात झालेल्या अशा निर्णयाविरुद्ध फेडरल कोर्टात जायला निर्णय कळल्यापासून १५ दिवस मिळतात. तुमच्या हातात सहाच उरलेत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं. मुलाला आजच परवानाधारक वकिलाकडे पाठवा.

कोर्ट पीआर देत नाही. अधिकाऱ्याने निर्णय कसा घेतला ते तपासतं, तेही त्याच्यासमोर होते त्याच कागदांवरून. आता आणलेलं बालवाडीचं पत्र तिथे सहसा चालत नाही. आधी सुनावणीची परवानगी मागायची. ती नाकारली तर त्यावर अपील नाही. जिंकलात तरी अर्ज बहुधा दुसऱ्या अधिकाऱ्याकडे नव्याने विचाराला जातो.

तरीही लढा. १९९९ मध्ये मेव्हिस बेकर या जमैकन बाईच्या प्रकरणात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्याची टिपणं वाचली. त्यांत पूर्वग्रह दिसत होता आणि तिच्या कॅनडात जन्मलेल्या चार मुलांच्या हिताकडे नीट लक्षच दिलेलं नव्हतं. निर्णय रद्द झाला. टोरांटोत मी हीच प्रकरणं चालवते. निर्णय हातात आला की आधी मुलांबद्दलचा परिच्छेद शोधते. एका निर्णयात डॉक्टरांचं पत्र फाईलमध्ये असूनही त्याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता; आमचा सगळा युक्तिवाद त्यावरच उभा राहिला. तुमच्या नातीबद्दल अर्जासोबत काय जोडलं होतं आणि अधिकाऱ्याने त्यातलं काय विचारात घेतलं, हे वकिलाला शेजारी शेजारी ठेवून दाखवा. कारणं सविस्तर मिळाली नसतील तर ती कोर्टामार्फत मागवता येतात.

आणखी एक, फार महत्त्वाचं. कोर्टात हा अर्ज केल्याने मुलाची रवानगी आपोआप थांबत नाही. रवानगीची तारीख मिळाली तर स्थगितीसाठी वेगळा अर्ज लागतो. त्यात तीन गोष्टी पटवाव्या लागतात: मुद्दा गंभीर आहे, नुकसान भरून न येणारं आहे, आणि थांबवण्याकडेच पारडं झुकतं. रवानगीचं पत्र आलं की त्याच दिवशी वकिलाला कळवायला सांगा.