'कॉन्ट्ररी टू पॉप्युलर बिलीफ'च्या पुढे काय लिहायचं, समजूत की सत्य?

तुमचा प्रश्न असा आहे: 'कॉन्ट्ररी टू पॉप्युलर बिलीफ' (म्हणजे 'लोकांच्या समजुतीच्या उलट') लिहिल्यावर स्वल्पविरामाच्या पुढे लोकांची समजूत सांगायची की खरी गोष्ट? आणि त्याच्या जागी 'इन फॅक्ट' वापरलं तर चालेल का? उदाहरण म्हणून तुम्ही वाक्य दिलंय, 'कॉन्ट्ररी टू पॉप्युलर बिलीफ, नेपोलियन वॉज शॉर्ट'.

पुढे खरी गोष्ट लिहायची, नेहमीच. स्वल्पविरामानंतर जे येतं ते लिहिणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं असतं. तुमचं वाक्य इंग्रजी वाचणारा माणूस असं वाचेल: लोक नेपोलियनला उंच समजतात, पण तो होता बुटका. तुम्हाला नेमकं उलट सांगायचंय, तेव्हा 'नेपोलियन वॉज नॉट शॉर्ट' किंवा 'नेपोलियन वॉज ऑफ ॲव्हरेज हाइट' असं लिहा. उदाहरण मात्र उत्तम निवडलंत. त्याची उंची 5 फूट 2 इंच नोंदवलेली आहे, पण ती जुन्या फ्रेंच मापात. तो फ्रेंच इंच सुमारे 2.7 सेंटीमीटरचा, आणि इंग्रजी इंच 2.54 सेंटीमीटरचा. हिशोब केला तर उंची 168 सेंटीमीटरच्या आसपास येते, म्हणजे आजच्या मापात साडेपाच फूट. त्या काळच्या फ्रेंच पुरुषाला ही उंची कमी म्हणता येत नाही. त्यात जेम्स गिलरेसारख्या इंग्रज व्यंगचित्रकारांनी त्याला चिमुकला, थयथयाट करणारा असा रंगवला आणि तेच चित्र लोकांच्या डोक्यात बसलं.

हा घोटाळा अगदी नेहमीचा आहे, आणि तो का होतो तेही उघड आहे. आपण मराठीत दोन्ही बाजू बोलून दाखवतो: 'लोकांना वाटतं की अमुक, पण प्रत्यक्षात तमुक.' या इंग्रजी शब्दप्रयोगात 'अमुक' गाळलेलं असतं. फक्त 'तमुक' लिहायचं, वाचणारा ते मनातल्या मनात उलटं करतो आणि समजूत कोणती ते ओळखतो. 'कॉन्ट्ररी टू पॉप्युलर बिलीफ, बॅट्स आर नॉट ब्लाइंड' एवढं वाचलं की वटवाघळं आंधळी असतात असा समज आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. मला ही रचना याचसाठी फार आवडते. चुकीची गोष्ट पुन्हा एकदा कागदावर न उमटवता ती खोडता येते.

पण यातच एक अट आली, आणि व्याकरणापेक्षा तीच जास्त महत्त्वाची आहे. हा शब्दप्रयोग वापरला की तुम्ही एक नाही, दोन दावे करता: लोक अमुक मानतात हा एक, आणि ते चूक आहे हा दुसरा. दुसरा दावा तपासायची सवय बऱ्याच जणांना असते. पहिला कुणीच तपासत नाही.

दोन्ही दावे पक्के असले की वाक्य कसं उभं राहतं ते चीनच्या भिंतीवरून बघा. 'कॉन्ट्ररी टू पॉप्युलर बिलीफ, द ग्रेट वॉल इज नॉट व्हिजिबल फ्रॉम द मून.' समजूत खरोखर पसरलेली आहे का? आहे, आणि भरपूर जुनी आहे. 1932 सालीच रॉबर्ट रिप्ले यांच्या व्यंगचित्रांच्या सदरात हा दावा छापून आला होता, माणूस चंद्रावर उतरायच्या 37 वर्षं आधी. म्हणजे तेव्हा तिथून पाहिलेलं कुणीच नव्हतं. ती चूक आहे का? चंद्र सरासरी 3,84,000 किलोमीटर दूर, आणि भिंत रुंदीला जेमतेम काही मीटर. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लीवेई 2003 साली साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासच्या उंचीवरून पृथ्वीभोवती फिरून आले, आणि भिंत आपल्याला दिसली नाही असं त्यांनी सांगितलं. आता हे वाक्य कुणी कुठूनही तपासलं तरी हलणार नाही.

याच्या उलट, मी तपासतो त्या मजकुरात 'कॉन्ट्ररी टू पॉप्युलर बिलीफ, अवर ॲप सेव्ह्ज टाइम' अशा धाटणीची वाक्यं सतत येतात. त्या ॲपमुळे वेळ वाया जातो असं लोकांमध्ये कुठे पसरलंय? मुळात ते ॲप किती जणांना माहीत आहे? इथे लोकांच्या तोंडी नसलेली समजूत घालून ती खोडल्याचा आव आणलाय. वाचणारा चाणाक्ष असेल तर त्याला हे लगेच जाणवतं, आणि भोळा असेल तर नसलेली समजूत त्याच्या डोक्यात नव्याने शिरते. मला या वापराचा मनापासून राग आहे. अशी वाक्यं मी सरळ कापतो आणि 'द ॲप सेव्ह्ज टाइम' एवढंच ठेवून खाली त्याचा पुरावा मागतो.

कधी कधी ती समजूत दुसऱ्या लोकांच्या समजुतीबद्दलच असते, तेव्हा तर फारच जपून लिहावं लागतं. कोलंबसाच्या काळी लोक पृथ्वी सपाट मानत आणि त्याने ती गोल असल्याचं दाखवलं, असं आजही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात युरोपातल्या शिकलेल्या लोकांना पृथ्वी गोल असल्याचं शतकानुशतकं ठाऊक होतं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने तिचा घेर मोजायचा प्रयत्नही केला होता. कोलंबसाशी लोकांचा वाद होता तो पृथ्वीच्या आकारमानाबद्दल, आणि त्यात चूक कोलंबसाची होती. त्याने पृथ्वी आहे त्यापेक्षा बरीच लहान धरली होती. सपाट पृथ्वीची गोष्ट लोकप्रिय व्हायला मोठा हातभार लावला तो वॉशिंग्टन आयर्विंग या अमेरिकी लेखकाच्या 1828 सालच्या कोलंबसचरित्राने. आता इथे नुसतं 'पॉप्युलर बिलीफ' म्हटलं, तर ती कुणाची समजूत? कोलंबसाच्या काळच्या लोकांची की आजच्या आपल्या? अशा ठिकाणी 'कॉन्ट्ररी टू व्हॉट मेनी पीपल थिंक टुडे' असं काळासकट लिहा, गोंधळच राहणार नाही.

समजूत वाक्यात सांगायचीच असेल तर 'दॅट' जोडून सांगता येते: 'कॉन्ट्ररी टू द पॉप्युलर बिलीफ दॅट बॅट्स आर ब्लाइंड, दे कॅन सी.' इथे 'पॉप्युलर'च्या आधी 'द' येतो, कारण एका ठरावीक समजुतीबद्दल बोलणं चाललंय. समजूत लांबलचक असेल तर मात्र सरळ दोन वाक्यं करावीत.

आवडीनिवडीला हा शब्दप्रयोग लावू नका. एखादा सिनेमा सगळ्यांना आवडला आणि तुम्हाला नाही, तर तिथे तपासून पाहण्यासारखं सत्य काही नाही. तिथे 'बिलीफ'ऐवजी 'ओपिनियन' म्हणतात. आणि बोलताना 'कॉन्ट्ररी'चा जोर पहिल्या अक्षरावर द्या. जोर मधल्या अक्षरावर गेला की त्याच शब्दाचा अर्थ हेकेखोर असा होतो.

आता 'इन फॅक्ट'. ते चालतं, पण जागा बदलून. 'कॉन्ट्ररी टू पॉप्युलर बिलीफ'मध्ये समजूत गृहीत असते, तर 'इन फॅक्ट'च्या आधी ती लिहावी लागते: 'मेनी पीपल थिंक बॅट्स आर ब्लाइंड. इन फॅक्ट, दे कॅन सी.' आधी समजूत सांगितलेली नसेल, तर नुसतं 'इन फॅक्ट' विरोध दाखवत नाही. उलट त्याचा दुसरा एक वापर आहे, आधीचं म्हणणं आणखी वाढवण्याचा: 'इट वॉज कोल्ड. इन फॅक्ट, इट वॉज फ्रीझिंग.' इथे विरोध काहीच नाही, आपलं 'किंबहुना' जे काम करतं तेच ते करतंय. म्हणून 'इन फॅक्ट' दिसलं की सरसकट 'पण प्रत्यक्षात' असा अर्थ लावू नका. आधीच्या वाक्यात दुसऱ्याची समजूत असेल तर विरोध, आणि लिहिणाऱ्याचं स्वतःचंच म्हणणं असेल तर बहुतेक वेळा भर.

'ऑन द कॉन्ट्ररी' या दोन्हींपेक्षा वेगळं. समोरच्याने काही म्हटलं किंवा आपणच आधी एखादी गोष्ट नाकारली की त्यानंतर ते येतं: 'आय ॲम नॉट टायर्ड. ऑन द कॉन्ट्ररी, आय फील फ्रेश.' त्याच्या पुढे 'टू' लावून 'ऑन द कॉन्ट्ररी टू पॉप्युलर बिलीफ' अशी सरमिसळ बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. इंग्रजीत अशी रचना नाही. तुमच्या लेखात ती कुठे आली असेल तर 'ऑन द' तेवढं काढून टाका, बाकीचं वाक्य तसंच ठेवलं तरी चालेल.