वहीतल्या चाळीस शब्दांबद्दल

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझी वही परवा पोचली. रात्रीची आवराआवर झाल्यावर निवांत वाचली. रोज चाळीस शब्द, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, अक्षर नेहमीसारखं मोत्याचं. डिक्शनरीच्या पहिल्या पानापासून सुरुवात करून तू ‘ए’ संपवत आणला आहेस. कष्ट दिसतात. पण शेवटी पेन्सिलीने लिहिलं आहेस, ‘बाई, मागच्या महिन्यातलं काहीच आठवत नाही. माझं डोकंच कमी आहे का?’ ते वाचलं आणि हे पत्र लिहायला बसले. तुझं डोकं मुळीच कमी नाही. पाठ करायची रीत चुकली आहे, आणि रीत बदलता येते.

आधी आजोबांवरच्या निबंधाबद्दल. तू ‘माय ग्रँडफादर डाइड’ असं लिहून ते खोडलंस आणि वर ‘मेट हिज डिमाइज’ लिहिलंस. का गं? मराठीत कुणी गेलं की आपण वारले म्हणतो, निधन झालं म्हणतो, निवर्तले म्हणतो. पण आजीच्या शेजारी बसून तू ‘आजोबांचं निधन झालं’ म्हणशील का? तिथे ‘आजोबा गेले’ एवढंच तोंडातून येईल. ‘निधन’ पेपरातल्या बातमीत शोभतं. ‘डिमाइज’ही तसाच, बातमीतला आणि कायद्याच्या कागदांतला शब्द. खोडलेला ‘डाइड’च बरोबर होता. आणि त्याच निबंधात तू लिहिलं आहेस, ‘हिज चेअर स्टिल फेसेस द रोड.’ सगळे शब्द पाचवीतले, पण त्या ओळीपाशी मी थांबले. पुढचं वाचायला मला थोडा वेळ लागला.

मग अवघड शब्द लागतात तरी कुठे? दिवाळीत आली होतीस तेव्हा तुझं फिजिक्सचं पुस्तक मी चाळलं होतं. मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला गेलेल्या मुलीचं पुस्तक. ‘व्हेलॉसिटी’ आणि ‘ॲक्सेलरेशन’खाली एकही खूण नव्हती, कारण वेग आणि त्वरण तुला आधीच कळलेलं आहे. खुणा होत्या त्या ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘नेग्लिजिबल’, ‘रिस्पेक्टिव्हली’ यांच्याखाली. पारिभाषिक शब्द सर फळ्यावर लिहून समजावतात. त्यांच्या मधले हे शब्द मात्र सगळ्यांना येतातच असं धरून चालतात, आणि आपल्या पोरांची गाडी नेमकी तिथेच अडते.

हे शब्द सगळ्या विषयांत पुन्हा पुन्हा भेटतात. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चारही शाखांची पुस्तकं आणि लेख तपासून २००० साली अशा शब्दांची यादी केली. त्यात ५७० शब्दकुळं आहेत (एक शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कुळ), आणि अभ्यासाच्या मजकुरात दर शंभर शब्दांमागे साधारण दहा शब्द या कुळांतले निघतात. म्हणून म्हणते, ‘ए’ची पानं बाजूला ठेव. तुझे शब्द तुझ्याच पुस्तकात आहेत, तू पेन्सिलीने खूण करून ठेवलेले.

‘नेग्लिजिबल’च घे. ‘नेग्लेक्ट’ म्हणजे दुर्लक्ष करणं, हे तुला येतं. मग नेग्लिजिबल म्हणजे दुर्लक्ष केलं तरी चालेल इतकं थोडं. आता ‘फ्रिक्शन इज नेग्लिजिबल’ हे वाक्य वाच. घर्षण आहे, पण ते हिशेबात धरायचं नाही. एक शब्द उलगडला की अख्खं गणित उलगडतं.

उपसर्ग आठवतात ना? आहार, विहार, प्रहार, संहार आपण वर्गात ओरडून म्हटले होते. इंग्रजीची खोडही अगदी तीच. ‘स्पेक्ट’ हा लॅटिनमधून आलेला पाहण्याचा धातू. आत पाहिलं की इन्स्पेक्ट, मागे वळून पाहिलं की रेट्रोस्पेक्ट, पुढे पाहिलं की प्रॉस्पेक्ट. खालून चोरट्या नजरेने पाहिलं की सस्पेक्ट, म्हणजे संशय. आणि चारी बाजूंना बघून मग पाऊल टाकणारा माणूस ‘सर्कमस्पेक्ट’. हा शब्द तू उद्याही विसरणार नाहीस, बघ.

‘मॅग्नॅनिमस’ तर मला फार आवडतो. तू अजून ‘ए’वरच आहेस, पण डिक्शनरीत त्याचा अर्थ ‘उदार’ असा मिळेल. त्यातला ‘मॅग्नस’ म्हणजे मोठा आणि ‘ॲनिमस’ म्हणजे मन, प्राण. आपला ‘महा’ आणि ‘मॅग्नस’ एकाच घरातले आहेत, आणि ‘प्राण’मधला ‘अन्’ धातू ‘ॲनिमस’चा भाऊबंद. म्हणजे शब्द उकलला की जवळजवळ आपला ‘महात्मा’च हाती येतो. मराठी माध्यमात शिकल्याने तू मागे पडलीस असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. संस्कृतची ओळख असलेल्या मुलीला ही नाती लवकर दिसतात. फक्त धातूवरून अंदाज बांधायचा आणि मग कोशात पडताळून पाहायचं, कारण कधीकधी शब्द मूळ अर्थापासून फार लांब गेलेला असतो.

कोश म्हणजे आता इंग्रजी-इंग्रजी. वीरकरांची डिक्शनरी जवळ असू दे, पण तिच्यावर थांबू नकोस. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॉर्नबी यांनी परभाषिक मुलांसाठी कोश तयार केला, तो १९४२ साली टोकियोत छापला गेला. आजची ऑक्सफर्डची ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ त्यातूनच वाढली. ती इंटरनेटवर फुकट बघता येते आणि उच्चारही ऐकवते. शब्द कुणासोबत बसतो, ते तिथे बघ. आपल्याकडे पाऊस पडतो, थंडी वाजते, ऊन लागतं, वारा सुटतो. ‘थंडी पडते’ आणि ‘थंडी वाजते’ यातला फरक तुला विचार न करता कळतो. तसं इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो आणि वारा ‘स्ट्राँग’. म्हणून सुटा शब्द लिहूच नकोस, त्याच्या सोबत्यासकट अख्खं वाक्य लिही.

आणि विसरण्याबद्दल. जर्मनीत एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांतच भराभर गळतं, हे त्यांनी दाखवलं. तेव्हा विसरलीस त्यात नवल नाही, तू मागे वळून पाहिलंच नव्हतंस. दिवसाला पाच शब्द पुरेत. रात्री एकदा, दुसऱ्या सकाळी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. दर वेळी अर्थावर हात ठेवून आधी आठवायचं, मगच हात काढायचा. नुसतं वाचून गेलीस तर आल्यासारखं वाटतं, येत नाही.

वही परत पाठवते आहे. मागची दहा पानं कोरी आहेत. रविवारपर्यंत फिजिक्सच्या चालू धड्यातले खूण केलेले पाच शब्द घे, प्रत्येकाचं पुस्तकातलं एक वाक्य आणि तुझ्या घरातलं, गल्लीतलं एक वाक्य लिही, आणि आजोबांच्या निबंधात तो ‘डाइड’ पुन्हा जागेवर ठेव. फोटो काढून पाठवलेस तरी चालेल, मी लाल पेन काढून ठेवलं आहे. आईला नमस्कार सांग.

तुझ्या,
बाई